परकीय संगणकी हल्ले आणि आपली पेढी : राखण कोणाची, जिम्मेदारी कोणाची?

वर्तमानपत्रांत 'सायबर हल्ला' हा शब्द आता नित्याचा झाला आहे. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर किंवा गंगाखेडच्या बाजारातील व्यापारी तो वाचतो आणि पान उलटतो. हा विषय दिल्लीचा आहे, फौजेचा आहे, फार तर मुंबईच्या मोठ्या कंपन्यांचा आहे, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. परदेशातून होणाऱ्या संगणकी हल्ल्यांपासून देशाचे रक्षण कसे करावे, यावर संसदेत, विधिमंडळात आणि न्यायालयात गेली काही वर्षे वाद चालला आहे. त्याच्या दोन्ही बाजू समजून घेऊ आणि शेवटी लहान व्यापाऱ्याने आपल्यापुरते काय करावे तेही पाहू.

दुकानाचा धागा कोठपर्यंत गेला आहे?

पूर्वी कापडाच्या पेढीचा सारा कारभार लाल कापडात बांधलेल्या वहीत असे. रोजमेळ, खतावणी, उधारीची यादी, सारे तिथेच. आग लागली किंवा पाणी शिरले तर नुकसान त्या एका दुकानाचे होई; शेजारच्याची वही शाबूत राही. आज तसे राहिलेले नाही. सुरत, मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीहून गाठी निघण्याआधी ई-वे बिल संगणकावर निघावे लागते. जुलै २०१७ पासून जीएसटीची विवरणपत्रे इंटरनेटवरच भरली जातात. गिऱ्हाईक साडीचे पैसे काउंटरवरच्या क्यूआर कोडने देते. २०२५ च्या हंगामापासून तर सीसीआयला हमीभावाने कापूस घालायचा असेल, तर शेतकऱ्याची नोंदणीही 'कपास किसान' या मोबाइल ॲपवर सुरू झाली.

याचा फायदा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्याचा एक अर्थ असाही होतो की सर्वांच्या वह्या आता एकाच कपाटात ठेवल्या गेल्या आहेत. कपाटावर घाव बसला की एकाच वेळी शेकडो बाजारपेठा थांबतात.

३१ जुलै २०२४ चा दाखला घ्या. सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने खबरदारी म्हणून त्या कंपनीची यंत्रणा देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तोडली. परिणामी देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. हल्ला झाला एका कंपनीवर. गैरसोय झाली त्या कंपनीचे नावही कधी न ऐकलेल्या खेड्यापाड्यांतील खातेदारांची.

हल्ल्याचे चार प्रकार

विषय नीट समजण्यासाठी प्रकार वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला प्रकार चोरीचा : बँकेच्या यंत्रणेत शिरून पैसे पळविणे. दुसरा खंडणीचा : संगणकातील कागदपत्रांना परक्याने कुलूप घालावे आणि किल्लीसाठी पैसे मागावेत, यास 'रॅन्समवेअर' म्हणतात. तिसरा मोडतोडीचा : पैसे नकोतच, फक्त समोरच्याचे काम बंद पाडायचे. चौथा दबा धरून बसण्याचा : वीज केंद्र, बंदर किंवा सरकारी कार्यालयाच्या यंत्रणेत गुपचूप शिरायचे, माहिती गोळा करायची आणि वेळ आल्यावर उपयोग करायचा.

पहिले दोन प्रकार गुन्हेगारांचे आणि शेवटचे दोन शत्रुराष्ट्रांचे, अशी विभागणी केली जाते. प्रत्यक्षात ही रेघ पुसट आहे. सरकारनेच चोरी करवली, असा आरोप झालेली प्रकरणे आहेत. त्यांतील एक आपल्या महाराष्ट्रातलेच आहे.

कॉसमॉस बँक, पुणे, ऑगस्ट २०१८

१९०६ साली स्थापन झालेली पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक महाराष्ट्रातील जुन्या आणि मोठ्या सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुटी असताना हल्लेखोरांनी डाव साधला. २८ देशांतील एटीएममधून बनावट व्हिसा कार्डांनी सुमारे १२,००० व्यवहार करून ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात रुपे कार्डांच्या २,८४९ व्यवहारांतून आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेचा गैरवापर करून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे घडले कसे, ते आपल्या धंद्यातील उदाहरणाने सांगतो. समजा, सुरतेच्या ठोक व्यापाऱ्याकडे एक अनोळखी गिऱ्हाईक परभणीच्या पेढीचे नाव सांगून उधार माल मागते. सुरतेचा व्यापारी खात्री करण्यासाठी परभणीला फोन लावतो. पण मध्येच कोणी तार तोडून आपला माणूस बसविला आहे. तो प्रत्येक वेळी म्हणतो, 'होय, पार्टी आमचीच आहे, माल द्या.' पेढीला त्या फोनचा पत्ताच नाही. कॉसमॉसमध्ये एटीएमच्या विनंत्यांना उत्तर देणाऱ्या यंत्रणेच्या जागी अशीच एक खोटी यंत्रणा बसविली गेली होती. कार्ड आले की ती मंजुरी देई. बँकेच्या मुख्य हिशेबापर्यंत विचारणा पोहोचतच नव्हती.

बँकेने ठेवीदारांचे पैसे सुरक्षित असल्याचे जाहीर केले आणि ते खरेही होते, कारण रक्कम कोणा एकाच्या खात्यातून गेली नव्हती. परंतु सहकारी बँकेचे मालक कोण? तिचे सभासदच. बँकेला बसलेला घाव शेवटी भागभांडवल आणि नफ्याच्या वाटेने सभासदांच्या घरी येतो.

२०१९ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने आपल्या अहवालात कॉसमॉसच्या चोरीची गणना उत्तर कोरियाशी संबंधित हल्ल्यांत केली. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगला देशाच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर अशाच रीतीने गेले होते. तिथेही सुटीचाच हिशेब होता : ढाक्यात शुक्रवारची सुटी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवारची आणि फिलिपाइन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची. निर्बंधांमुळे परकीय चलनाची तंगी असलेले एक राष्ट्र दुसऱ्या देशांच्या बँका लुटते, असा हा आरोप आहे; उत्तर कोरिया तो फेटाळतो.

आता प्रश्न असा की, आरोपी परके राष्ट्र असेल तर राखण कोणी करायची? पुण्याच्या एका सहकारी बँकेने परदेशी सरकारच्या पोसलेल्या फौजेशी एकट्याने झुंजावे, ही अपेक्षा रास्त आहे काय? आणि तसे नसेल, तर बँकेने आपल्या दाराला साधे कुलूपही न लावता सरकारकडे बोट दाखवावे, हे तरी रास्त आहे काय? सगळा राजकीय वाद या दोन प्रश्नांच्या मध्ये आहे. या घटनेनंतर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी किमान सुरक्षेचे नियम घातले आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकेच्या संगणकी व्यवहाराच्या व्याप्तीप्रमाणे चार पायऱ्यांची चौकट आणली.

जेएनपीटी, जून २०१७ : विम्याचा धडा

२७ जून २०१७ रोजी नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या कंपनीकडे होते. कंटेनर कोणते कोठे ठेवले आहेत, कोणते जहाजावर चढवायचे, हे सांगणारी यंत्रणाच गेली. काम हाताने करण्याची पाळी आली आणि माल खोळंबला. ज्यांचे कपडे, सूत किंवा कापूस बंदरातून जातो, त्यांना एका दिवसाच्या खोळंब्याची किंमत ठाऊक आहे.

हा हल्ला भारतावर नव्हताच. तो युक्रेनवर होता. तिथले व्यापारी कराचा हिशेब ठेवण्यासाठी जे संगणक सॉफ्टवेअर वापरत, त्याच्या 'अपडेट'मधून 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू सोडण्यात आला. युक्रेनमध्ये कार्यालय असलेल्या परदेशी कंपन्यांमार्फत तो जगभर गेला. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने या हल्ल्याबद्दल रशियन लष्कराला जाहीरपणे दोषी धरले. रशियाने इन्कार केला.

पुढची गोष्ट व्यापाऱ्याने नीट लक्षात ठेवावी. याच हल्ल्यात मॉण्डेलेझ या खाद्यपदार्थ कंपनीचे मोठे नुकसान झाले. तिने विमा कंपनीकडे दावा केला, तेव्हा झुरिच विमा कंपनीने पॉलिसीतील युद्धाच्या कलमाकडे बोट दाखविले : परराष्ट्राने केलेली शत्रुत्वाची कृती विम्यात बसत नाही. खटला वर्षानुवर्षे चालला आणि २०२२ मध्ये आपसांत मिटला. मर्क या औषध कंपनीच्या अशाच खटल्यात मे २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने विमेदाराच्या बाजूने निकाल दिला. लंडनच्या लॉइड्सने मात्र मार्च २०२३ अखेरपासून संगणकी विम्याच्या स्वतंत्र पॉलिसींत सरकारपुरस्कृत हल्ले वगळणारे कलम घालण्यास सांगितले.

म्हणजे 'हल्ला कोणी केला' हा प्रश्न फक्त मुत्सद्द्यांचा नाही. सरकारने परराष्ट्राचे नाव घेतले की व्यापाऱ्याचा विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. नाव घेतले नाही तर गुन्हेगार मोकळा राहतो. शत्रूचे नाव जाहीर करावे की नाही, या वादाचा एक धागा असा थेट पेढीच्या तिजोरीपर्यंत येतो.

मुंबईचा अंधार आणि राज्य-केंद्राचा वाद

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या परिसराची वीज गेली. लोकल गाड्या जागीच थांबल्या. कोविडचा काळ असल्याने रुग्णालयांची काळजी सर्वांत मोठी होती. काही भागांत दोन तासांत वीज आली, काही ठिकाणी रात्र झाली.

फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस 'रेकॉर्डेड फ्यूचर' या अमेरिकन कंपनीने अहवाल दिला की, चीनशी संबंधित एका गटाने भारताच्या वीज क्षेत्रातील यंत्रणांत शिरकाव केला आहे. मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, असेही त्या अहवालात म्हटले होते. १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन सांगितले की, वीज मंडळाच्या यंत्रणेत १४ घातक प्रोग्राम आणि परदेशी सर्व्हरवरून सुमारे ८ जीबी माहितीची बेहिशेबी देवघेव झाल्याचे पुरावे दिसतात. घातपाताची शक्यता आहे. अहवाल तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांच्याकडे सोपविण्यात आला. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी खुलासा केला की, मुंबईची वीज मानवी चुकीमुळे गेली. उत्तर व दक्षिण विभागाच्या भार प्रेषण केंद्रांवर हल्ल्याचा प्रयत्न झाला होता, पण तो वीज चालविणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचला नाही. चीनने आरोप फेटाळला.

राज्यात एका आघाडीचे सरकार, केंद्रात दुसऱ्या. त्यामुळे प्रत्येकाने आपल्या सोयीचे ऐकले. सामान्य माणसाला अखेर दोन सरकारांची दोन विधाने मिळाली. दोहोंचे अहवाल शेजारी ठेवून तपासण्याची संधी मिळाली नाही. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठे नुकसान हेच होय. आडत्याचा आणि दलालाचा काटा जुळत नसेल तर तिसऱ्या काट्यावर माल तोलतात. इथे तिसरा काटाच नव्हता.

पूर्वीही असे झाले आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्रात विषाणू शिरल्याची वार्ता आली, तेव्हा २९ तारखेला केंद्राने इन्कार केला. ३० तारखेला अणुवीज महामंडळाने मान्य केले की प्रशासकीय कामाच्या जाळ्यातील एका संगणकात तो सापडला होता. अणुभट्टी चालविणारी यंत्रणा वेगळी आणि सुरक्षित होती, हे महामंडळाचे म्हणणे महत्त्वाचे आहे. पण एका दिवसात बोलणे बदलल्याने खरे बोलण्यावरचाही विश्वास उणावला.

वादाचे पाच मुद्दे

पहिला मुद्दा अधिकाराचा. घटनेप्रमाणे संरक्षण व बँकिंग केंद्राकडे, पोलीस व सहकारी संस्था राज्याकडे, वीज दोघांकडे. परदेशातून महाराष्ट्रातील सहकारी बँकेवर हल्ला झाला तर तो यांपैकी कोणत्या खणात बसतो? केंद्रीकरणाचे समर्थक म्हणतात, शत्रू सीमा मानत नाही, म्हणून एकच कमान हवी. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने नियमांत बदल करून सायबर सुरक्षेच्या एकूण समन्वयाची जिम्मेदारी राष्ट्रीय सुरक्षा परिषद सचिवालयाकडे दिली; दूरसंचार, माहिती तंत्रज्ञान आणि गृह खात्यांची कामेही वाटून दिली. राज्यांच्या बाजूचे म्हणणे असे की, तक्रार घेऊन माणूस शेवटी जिल्ह्याच्या पोलीस ठाण्यातच येतो; तिथे जाणकार माणूस आणि साधने नसतील तर दिल्लीतील कमान काय उपयोगाची? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

दुसरा मुद्दा गुप्ततेचा. हल्ल्याची माहिती उघड केली तर शत्रूला आपली कमजोरी कळते, असे सरकार म्हणते. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'सर्ट-इन' ही हल्ल्यांची नोंद घेणारी केंद्रीय संस्था माहितीच्या अधिकारातून वगळण्यात आली. टीकाकारांचे म्हणणे असे की, ज्याची माहिती चोरीस गेली त्यालाच ती वार्ता कळत नसेल तर तो सावध होणार कसा? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे पाच सर्व्हर खंडणीखोर विषाणूने निकामी केले आणि काम दोन आठवड्यांच्या आसपास कागदावर चालवावे लागले. जाळ्याचे भाग नीट वेगळे न ठेवल्यामुळे हे घडले, असे सरकारने संसदेत सांगितले. ते सांगितल्यामुळेच इतर रुग्णालयांना धडा घेता आला.

तिसरा मुद्दा लहान धंद्यांवरील ओझ्याचा. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशाने हल्ल्याची वार्ता सहा तासांत सर्ट-इनला देणे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस ठेवणे बंधनकारक झाले. आग लागल्याबरोबर बंब बोलवावा, या न्यायाने हे बरोबर आहे. पण ज्या पेढीत मालक, एक मुनीम आणि दोन नोकर एवढाच कारभार, तिथे नोंदी कोण ठेवणार? सरकारने लहान उद्योगांना सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून दिली. मुदतीबरोबर मार्गदर्शनही हवे होते.

चौथा मुद्दा परदेशी मालाचा. गलवानच्या संघर्षानंतर २९ जून २०२० रोजी केंद्राने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते आणि तयार कपडे विकणारे 'शीन'ही होते. बाजारातील अनेकांनी बंदीचे स्वागत केले. २०२५ च्या फेब्रुवारीत तेच नाव रिलायन्सच्या मार्फत परत आले. माहिती भारतातच राहील या अटीवर. दुसरीकडे, मार्च २०२१ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री संजय धोत्रे यांनी लोकसभेत सांगितले होते की, सरकारी संस्थांत चिनी कंपन्यांचे सुमारे दहा लाख कॅमेरे आहेत आणि त्यांतील चित्रण परदेशी सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे. एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांची सुरक्षा तपासणी सक्तीची झाली. बंदीपेक्षा तपासणीचा मार्ग मला अधिक व्यवहारी वाटतो. कारण झेंडा पाहून माल चांगला की वाईट ते ठरत नाही, ताणा-बाणा तपासून ठरते.

पाचवा मुद्दा सर्वांत नाजूक : राखणदारावर नजर कोणाची? परकीयांना पकडण्यासाठी सरकारला दळणवळणावर नजर ठेवण्याचा अधिकार हवा असतो. परंतु २०२१ च्या जुलैत 'पेगासस' या इस्रायली हेर प्रोग्रामचा वापर भारतातील पत्रकार, विरोधी नेते यांच्यावर झाल्याचा आरोप झाला आणि संसदेचे अधिवेशन त्यावर गाजले. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली आणि राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेतले म्हणजे सरकारला प्रत्येक वेळी मोकळीक मिळेल असे नाही, हे स्पष्ट केले. ऑगस्ट २०२२ मध्ये समितीचा निष्कर्ष पुढे आला : तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये कसला तरी घातक प्रोग्राम होता, तो पेगासस असल्याचा निर्णायक पुरावा नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही. पहारेकऱ्याला किल्ली द्यावी लागते, हे खरे. पण किल्लीची नोंद मालकाच्या वहीत असावी, ही मागणी देशद्रोहाची नव्हे.

आपल्या दारातील दोन धोके

इथपर्यंतचा वाद मोठ्यांचा. दोन गोष्टी मात्र आपल्या मराठवाड्याच्या आहेत.

कॉसमॉसचा डाव रचणारे परदेशात असतील. पण भारतातील एटीएमसमोर बनावट कार्डे घेऊन उभे राहिलेले हात इथलेच होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा दिली. या प्रकरणी पकडलेल्यांत औरंगाबादचे आणि नांदेड जिल्ह्यातलेही तरुण होते. कमिशनच्या आशेने कार्ड वापरायचे किंवा आपले खाते भाड्याने द्यायचे, एवढेच काम. परक्या टोळीला आपल्या देशात हात लागतात, आणि ते बेरोजगार तरुणांमध्ये स्वस्तात मिळतात. खाते ही अमानत आहे. ते दुसऱ्याला वापरायला देणे म्हणजे कोऱ्या हुंडीवर सही करणे होय. घराघरांतून ही गोष्ट मुलांना सांगितली गेली पाहिजे.

दुसरा धोका अफवेचा आणि संशयाचा. पहलगामच्या हल्ल्यानंतर, मे २०२५ मध्ये, महाराष्ट्र सायबर विभागाने अहवाल दिला की पाकिस्तान, बांगला देश, इंडोनेशिया आणि मध्यपूर्वेतील गटांकडून सुमारे १५ लाख हल्ल्यांचे प्रयत्न झाले. त्यांतील फक्त १५० यशस्वी ठरले. म्हणजे दहा हजारांत एक. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचे संकेतस्थळ त्यांत विद्रूप झाले. मात्र मुंबई विमानतळाची माहिती चोरल्याचे दावे अधिकाऱ्यांनी खोटे ठरविले. हे आकडे दोन गोष्टी सांगतात. एक, बचाव शक्य आहे. दोन, हल्लेखोराचा निम्मा डाव घबराट पसरविण्याचा असतो. बँक बुडाली, एटीएम बंद होणार, असे निरोप पुढे ढकलणारा नकळत त्याचेच काम करतो. आणि हल्लेखोर गटाचे नाव किंवा देश पाहून आपल्या गल्लीतील शेजाऱ्याच्या दुकानाकडे संशयाने पाहणे हे तर त्याला हवेच असते. ज्या बाजारात कपाशीपासून कापडापर्यंत प्रत्येक व्यवहार वेगवेगळ्या समाजांच्या हातांतून जातो, तिथे भरवसा तुटला तर संगणकाला हात न लावताही बाजार बंद पडतो.

यालाच जोडून एक तक्रार देशभरातील व्यापारी करीत आले आहेत. कुठे तरी फसवणूक झालेला पैसा फिरत फिरत एखाद्या दुकानदाराला साडीच्या किमतीपोटी यूपीआयने मिळतो आणि दूरच्या राज्याच्या पोलिसांच्या पत्रावरून त्याचे खाते गोठविले जाते. चोराचा माग काढणे आवश्यकच आहे. पण वादातील रकमेपुरती रोख लावावी, पूर्ण खाते नव्हे, आणि दुकानदाराला आपल्या जिल्ह्यातच दाद मिळावी, ही मागणी व्यापारी संघटनांनी नेटाने मांडावी.

आपल्यापुरते काय करावे?

१. हिशेबाच्या संगणकातील सर्व नोंदींची नक्कल दर आठवड्याला वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून दुसऱ्या जागी ठेवावी. जोडून ठेवलेली नक्कल खंडणीखोराच्या कुलपात सापडते.

२. हिशेबाचे सॉफ्टवेअर अधिकृतच घ्यावे. स्वस्तात मिळणाऱ्या चोरट्या प्रतीबरोबर काय येते, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

३. ठोक व्यापाऱ्याने 'आमचे खाते बदलले, नव्या खात्यात पैसे टाका' असा निरोप धाडला, तर जुन्या माहितीतल्या नंबरवर स्वतः फोन करून आवाज ओळखल्याशिवाय रक्कम पाठवू नये.

४. सुटीच्या आधीचा दिवस, ईद-दिवाळी आणि लग्नसराई या काळात खात्यावर अधिक लक्ष ठेवावे. चोर कॅलेंडर पाहून येतो.

५. प्रत्येक यूपीआय जमेपोटी बिल असावे. खाते अडकले तर तेच बिल तुमची साक्ष ठरते.

६. फसवणूक कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या तत्त्वाप्रमाणे, तिसऱ्याच ठिकाणच्या दोषामुळे झालेली फसवणूक खातेदाराने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविली तर नुकसानीचा भार त्याच्यावर पडत नाही. उशीर केला तर पडू शकतो. शरमेने गप्प बसण्यात दिवस गेले की हक्क जातो.

७. विम्याची पॉलिसी घेताना संगणकी हल्ला आणि युद्ध यांविषयीची कलमे वाचून घ्यावीत. समजली नाहीत तर सनदी लेखापालाला किंवा वकिलाला विचारावे.

शेवटची गोष्ट सभासद म्हणून आहे. सहकारी बँकांची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. तिथे आपण लाभांशाचा दर विचारतो आणि चहा घेऊन परततो. यंदा तीन प्रश्न लेखी द्यावेत : आपली बँक रिझर्व्ह बँकेच्या चार पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आहे आणि तिची शेवटची सुरक्षा तपासणी केव्हा झाली? संगणक सेवा देणारी बाहेरची कंपनी कोणती आणि ती बंद पडली तर पर्याय काय? हल्ल्याची वार्ता सभासदांना किती वेळात कळविली जाईल? मते मागण्यास येणाऱ्या उमेदवारांनाही विचारावे की, जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात माणसे किती आणि साधने कोणती, आणि हल्ल्यांच्या चौकशीचे अहवाल विधिमंडळापुढे ठेवण्यास त्यांचा पाठिंबा आहे का. परराष्ट्राला रोखणे आपल्या हातात नाही; पण हे प्रश्न विचारण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही, आणि दहा सभासदांनी तेच विचारले तर संचालक मंडळाला उत्तर तयार ठेवावे लागेल.